सहा फुटी बेल्टचा लेथ: घेण्यासारखा, पण पकड तपासून

राजकोट बनावटीचा सहा फुटी लेथ, म्हणजे जॉब (कामाचा तुकडा) फिरवून टूलनं कापणारं मशीन, कोन पुली (पायऱ्यांची पुली) आणि व्ही-बेल्टवर चालणारा, २ एचपी थ्री-फेज मोटर, सोबत जॉब धरायला तीन जॉचा (जबड्यांचा) ट्रू चक आणि चार जॉचा डॉग चक. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी जॉबवर्कचं दुकान टाकायचं म्हटलं की पहिलं कोटेशन बहुधा याच मशीनचं येतं. या वर्गातली मशीनं रचनेनं इतकी सारखी असतात की एकाला लागू पडणारं बाकीच्यांनाही बरंचसं लागू पडतं, म्हणून इथे कंपनीचं नाव नाही, मशीनच्या जातीचा आढावा आहे.

मशीन घ्यावं, हे आधीच सांगून टाकतो. बोअरच्या पंपाचे शाफ्ट, रोटाव्हेटरचे हब, ट्रॉलीचे पिन आणि बुश, दालमिलच्या पुली, चरकाचे बुश ही कामं त्यावर नीट होतात. पण या किमतीत चांगलं ओतकाम आणि चालणारे गीअर मिळतात, अचूकपणा तयार मिळत नाही. तो मशीन आल्यावर बसवून घ्यावा लागतो आणि जवळजवळ सगळा जॉब धरण्याच्या जागी बसवावा लागतो: स्पिंडल (जॉब फिरवणारा मुख्य दांडा), बॅकप्लेट (चकमागची प्लेट), चक, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग). गिऱ्हाईक मात्र बेड (मशीनचा लांब पाया) किती जाड आणि रंग कसा, हेच बघून परत येतं.

लांबीचं आधी बघा. सहा फूट ही बेडची लांबी असते. हेडस्टॉक (स्पिंडलची पेटी) आणि टेलस्टॉकची जागा वजा केली की सेंटर ते सेंटर, म्हणजे जॉब धरणाऱ्या दोन टोकांमध्ये, साधारण एक मीटर उरतं. नेमका आकडा कोटेशनमध्ये लिहून घ्या. मानवत, सेलू, परभणी, जालना या पट्ट्यात जिनिंगची कामं धरायची असतील तर हे मशीन पुरणार नाही, कारण रोलर शाफ्टसकट सेंटरमध्ये मावत नाही. त्यासाठी आठ किंवा दहा फुटीच बघावं. स्पिंडलच्या भोकाकडेही लक्ष द्या. ४० मि.मी. भोकातून ४५ चा बार मागे जात नाही, मग प्रत्येक तुकडा आधी कापून घ्यावा लागतो. ५२ मि.मी. भोकाचं मॉडेल मिळत असेल तर त्याला थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. लांबी वाढवण्यापेक्षा ते पैसे जास्त उपयोगी पडतात.

स्पिंडल तपासायला एक डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजमाप), मॅग्नेटिक स्टँड आणि ३०० मि.मी. लांबीचा टेस्ट बार (तपासणीचा अचूक दांडा) लागतो. पैसे देण्याआधी हे कारखान्यातच करून घ्या. स्पिंडलच्या आतला टेपर (निमुळतं भोक) कापडानं कोरडा पुसा, डायलची टीप टेपरच्या आत टेकवा आणि स्पिंडल हातानं फिरवा. काटा ०.०१ मि.मी.च्या आत राहिला तर उत्तम, ०.०२ पर्यंत चालवून घेता येईल, त्यापुढे गेला तर मशीन बदलून मागा. मग टेस्ट बार लावून टोकाला बघा, तिथे ०.०३ पर्यंत ठीक. त्यानंतर डायल सॅडलवर (बेडवर सरकणाऱ्या भागावर) ठेवून बारच्या लांबीभर चालवा. बारचं मोकळं टोक किंचित वर आणि किंचित कारागिराच्या बाजूला असलं तर चालतं, दोन्हीकडे ३०० मि.मी.त ०.०२ पर्यंत. खाली झुकलेलं किंवा पलीकडे वळलेलं टोक मात्र घेऊ नका. जॉबचं वजन आणि टूलचा दाब टोकाला त्याच दिशेनं आणखी ढकलतो, त्यामुळे चूक कमी न होता वाढते.

बेअरिंगचा प्ले (सैलपणा) पाहायला चकखाली लाकडी दांडा घालून हलकंच उचला आणि डायल स्पिंडलच्या नाकावर (पुढच्या टोकावर) ठेवा. शेवटची खूण म्हणजे उष्णता. सगळ्यात वरच्या स्पीडवर तासभर चालवल्यावर हेडस्टॉकवर हात ठेवून राहता आलं पाहिजे. उन्हाळ्यात शेडमध्येच ४२ अंश असतात, त्यामुळे थंडीत ठीक वाटलेलं घट्ट बेअरिंग मे महिन्यात भाजायला लागतं.

आता बॅकप्लेट. या मशीनबद्दलच्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे असतं, आणि दोष मात्र चकला दिला जातो. चक थेट स्पिंडलवर बसत नाही. मध्ये बिडाची (ओतीव लोखंडाची) बॅकप्लेट असते, तिला आतून स्पिंडलच्या नाकाचे आटे आणि समोर एक गोल पायरी, म्हणजे रजिस्टर. चकच्या पाठीतला खळगा त्या रजिस्टरवर बसतो आणि बोल्ट फक्त आवळून धरतात. जॉब मध्यावर ठेवायचं काम रजिस्टरचं, बोल्टचं नाही. डिलिव्हरी लवकर द्यायची म्हणून बॅकप्लेट दुसऱ्याच मशीनवर टर्न करून (फिरवून कापून) पाठवली जाते. मग तिची फेस (समोरची सपाट बाजू) आणि रजिस्टर तुमच्या स्पिंडलशी जुळत नाही आणि नवाकोरा चक ०.१५ ते ०.२० आऊट (मध्य सोडून फिरताना) दाखवतो.

म्हणून कोटेशनमध्येच लिहून घ्या की बॅकप्लेटचं रजिस्टर अर्धा ते एक मि.मी. मोठं ठेवून पाठवा, फिनिश इथे करू. मशीन लेव्हल झाल्यावर स्पिंडलचे आटे आणि खांदा रॉकेलनं धुवा, बॅकप्लेट खांद्याला टेकेपर्यंत चढवा. आधी फेसवरून हलका कट घ्या, म्हणजे ती फिरताना डगमगणार नाही. मग चकचा खळगा मोजून रजिस्टर उतरवत आणा. शेवटचे ०.१० मि.मी. दोन-तीन कटांत, मध्येमध्ये चक लावून बघत. चक हातानं दाबून, किंचित जोर लावून बसला पाहिजे. हातोडीनं बसवावा लागला तर पुढे कधी काढताना त्रास, आणि सैल पडला तर सगळी मेहनत वाया. रजिस्टरची उंची चकच्या खळग्याच्या खोलीपेक्षा थोडी कमी ठेवा, नाहीतर खळग्याचा तळ रजिस्टरवर टेकतो आणि फेसला फट राहते. हे काम नीट झालं की तोच चक २५ मि.मी.च्या ग्राइंड केलेल्या पिनवर ०.०५ ते ०.०८ च्या आत येतो. ट्रू चककडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

बेल्टच्या लेथवर नाक बहुधा आट्यांचं असतं, कॅमलॉकचं (खुंट्यांनी अडकणारं) नसतं. त्यामुळे मोटर चालू असताना झटक्यात उलटी फिरवली की चक सुटून बाहेर यायला बघतो. वेग बदलायची सोय म्हणून अलीकडे बरेच जण व्हीएफडी लावतात. लावा, पण त्यात थांबण्याची वेळ लांब ठेवा. स्पिंडल एकदम थांबला आणि जड चक आपल्या वेगात फिरत राहिला, तर तो आट्यांवरून उलगडतो. ही सेटिंग मशीन पहिल्यांदा चालवण्याआधी करून घ्या.

ट्रू चकच्या पोटात एक गोल प्लेट असते, तिच्या एका बाजूला सपाट सर्पिल आटा आणि दुसऱ्या बाजूला दात. चावी फिरवली की छोटा पिनियन प्लेट फिरवतो आणि तिन्ही जॉ एकदम सरकतात. जॉवर आणि खाचांवर १, २, ३ असे आकडे असतात. आटा फिरवत त्याचं टोक १ च्या खाचेत दिसलं की पहिला जॉ, मग दुसरा, मग तिसरा. क्रम चुकला तर जॉ आत जातात खरे, पण मध्यावर एकत्र भेटत नाहीत. सोबत जॉचे दोन सेट आहेत का बघा, एक बाहेरून धरायचा आणि एक उलट्या पायऱ्यांचा. चावीच्या तीन भोकांपैकी एकाजवळ खूण असते, शेवटचं आवळणं नेहमी त्याच भोकातून करा, म्हणजे दर वेळी जॉब एकसारखा बसतो. चक एकाच व्यासावर तपासून समाधान मानू नका. १२, २५ आणि ५० मि.मी. अशा तीन पिनांवर बघा, कारण आटा सगळीकडे सारखा कापलेला नसतो आणि पुढे झिजतोही एकाच पट्ट्यात, जिथे रोजचा व्यास येतो तिथे.

जॉचं तोंड पसरणं हा या चकचा नेहमीचा आजार. जॉब जॉच्या टोकावर जेमतेम १० मि.मी. धरायचा आणि चावीला पाइप घालून आवळायचा, असं चालू राहिलं की जॉ पुढून उघडे पडतात. जॉब मागच्या बाजूला धरला जातो आणि पुढे मोकळा राहतो. ओळखायचं कसं? पिन आवळा आणि जॉच्या तोंडाशी कागदाची पट्टी घुसवून बघा. पट्टी शिरली तर जॉ गेले. कटला थरथर येते, पृष्ठभागावर लाटा उठतात, पार्टिंगला (तुकडा कापून वेगळा करताना) टूल तुटतं आणि जड कटात जॉब बाहेर सरकतो. दुरुस्ती म्हणजे टूलपोस्टवर (टूल धरायच्या जागी) ग्राइंडर लावून जॉ घासणं. मात्र घासताना जॉच्या मागच्या भागात एक छोटी चकती आवळून ठेवावीच लागते, म्हणजे रोजच्या पकडीत जॉवर जसा ताण येतो तसाच ताण घासतानाही राहतो. मोकळे जॉ घासले तर ते आवळल्यावर पुन्हा पसरलेलेच निघतात. बीड टर्न करत असाल तर आठवड्याला चक उघडून पुसा. बिडाची भुकटी आणि ग्रीस एकत्र झालं की आटा झिजवणारी लापशी होते. पातळ तेल पुरे, ग्रीस थापू नका.

दुरुस्तीच्या दुकानाला मात्र खरा कामाचा चक म्हणजे डॉग चक, आणि नेमका तोच कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. कारण साधं आहे, त्यात जॉब लावायला वेळ लागतो. पण जुना शाफ्ट, चौकोनी तुकडा, खडबडीत ओतीव हब, आधी टर्न केलेल्या भोकाशी जुळवायचं काम, हे ट्रू चकमध्ये नीट होऊच शकत नाही. पंपाच्या शाफ्टची बेअरिंगची जागा खाल्ली गेली, वेल्डिंगनं भरली आणि ट्रू चकमध्ये धरून टर्न केली, तर नवी जागा जुन्या अक्षापासून चकच्या चुकीइतकी सरकलेली निघते. पंप बसवल्यावर बुश एका बाजूनं झिजतो आणि शेतकरी परत दुकानात येतो.

डॉग चकमध्ये चारही जॉ आपापल्या स्क्रूवर स्वतंत्र सरकतात. चकच्या फेसवर कोरलेल्या गोल रेषा बघून चारही जॉ अंदाजानं सारखे आणा, जॉब ठेवा, हलकं आवळा. खडू धरून फिरवा, जिथे खडू लागेल ती बाजू बाहेर आहे, तिथला जॉ आवळून जॉब आत ढकलायचा. इतकं झालं की डायल लावा. १ नंबरच्या जॉसमोर काटा शून्यावर आणा आणि अर्धा फेरा फिरवून ३ नंबरसमोर वाचा. समजा तिथे काटा ०.६० जास्त दाखवतोय. जॉब ०.६० सरकवायचा नाही, त्याच्या निम्मा, ०.३०. १ नंबर किंचित ढिला करा, ३ नंबर आवळा, काटा ०.३० वर आला की थांबा. आता दोन्हीकडे ०.३० दिसेल. मग २ आणि ४ ची जोडी. एका वेळी एकच जोडी हाताळायची, शेजारचे दोन जॉ एकदम छेडले की काटा कधीच स्थिर होत नाही. शेवटी चारही जॉ आळीपाळीनं पूर्ण आवळा आणि पुन्हा वाचा, कारण आवळताना जॉब ०.०२-०.०३ हलतोच. सवयीचा हात पाच मिनिटांत ०.०२ च्या आत आणतो. दोन चाव्या समोरासमोर वापरल्या तर आणखी लवकर. दुसरी चावी वेगळी मागावी लागते, ऑर्डरमध्येच घाला. फिनिश झालेल्या जागेवर जॉखाली तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी घाला, चारही बाजूंना एकाच जाडीची.

टेलस्टॉकवर या मशीनमध्ये सगळ्यात कमी मेहनत घेतलेली दिसते. दोन सेंटरमध्ये टेस्ट बार धरा, डायल सॅडलवर ठेवून आधी बारच्या माथ्यावर आणि मग बाजूला चालवा. माथ्यावर टेलस्टॉककडे ०.०२-०.०३ उंच असेल तर चांगलंच, बेडवर घासून तो कालांतरानं खाली येणारच असतो. नवीन मशीनवर तो खाली असेल तर ड्रिलचं भोक मोठं आणि तिरकं पडेल, तेव्हा बॉडी आणि बेसमध्ये शिम (पातळ पत्रा) घालून घ्या. बाजूची चूक सेट-ओव्हर (टेलस्टॉक आडवा सरकवणाऱ्या) स्क्रूनं जाते. आणखी एक चाचणी कुणी करत नाही: स्लीव्ह (टेलस्टॉकमधली सरकणारी नळी) पाऊण बाहेर काढा, डायल सेंटरवर टेकवा आणि स्लीव्हचा लॉक आवळा. काटा ०.०५ किंवा जास्त उडाला तर भोक आणि स्लीव्हमध्ये सैलपणा आहे. तो नंतर कुठल्याही शिमनं जात नाही, असं मशीन नाकारा.

जॉब चकच्या बाहेर व्यासाच्या तिपटीपेक्षा जास्त निघत असेल तर टेलस्टॉकचा आधार द्यावा. रिव्हॉल्व्हिंग सेंटर बेअरिंगचा असल्यानं तेल मागत नाही, पण स्वस्त सेंटर स्वतःच आऊट असतो, तोही डायलवर बघा. डेड (न फिरणाऱ्या) सेंटरला ग्रीस लागतंच. जड कट घेताना जॉब तापून लांबतो, हे लक्षात ठेवा. ६०० मि.मी.चा पोलादी शाफ्ट ३० अंशांनी तापला की सुमारे ०.२ मि.मी. वाढतो. सेंटर जसाच्या तसा आवळलेला राहिला तर शाफ्ट मधून वाकतो, टूल मध्यात जास्त खातं आणि मोजायला घ्याल तेव्हा शाफ्ट थंड होऊन सरळ झालेला असतो. रफ कट झाला की सेंटर ढिला करून पुन्हा लावा, मगच फिनिशला हात घाला.

बारीक लांब शाफ्टला स्टेडी (मधून आधार देणारी चौकट) लागतो. सोबत येणाऱ्या स्टेडीची बोटं पितळी किंवा बिडाची असतात, काम चालतं. बोटं चकजवळ, जिथे शाफ्ट खरा फिरतो, तिथे हलकेच टेकवून सेट करा आणि मग स्टेडी हव्या जागी सरकवा. मोकळ्या टोकाशीच सेट केला तर वाकलेला शाफ्ट वाकडाच पक्का होतो. सबमर्सिबलच्या एसएस ४१० (स्टेनलेस स्टीलच्या) शाफ्टचं फक्त टोक करायचं असेल तर स्टेडीपेक्षा सोपा उपाय म्हणजे शाफ्ट स्पिंडलच्या भोकातून मागे घालून टोक तेवढं चकबाहेर ठेवणं. पण हेडस्टॉकच्या मागे फूट-दीड फूट बार मोकळा राहिला तर वेगात तो चाबकासारखा वाकून फिरतो आणि उभ्या माणसाला उडवतो. मागे आधार द्या, वेग कमी ठेवा.

कॅरेजबद्दल (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाबद्दल) थोडक्यात. क्रॉस स्लाइडला (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाला) नव्या मशीनवर ०.१ ते ०.२ बॅकलॅश (उलट फिरवताना वाया जाणारी हालचाल) चालेल. ग्रॅज्युएशनचा (चाकावरच्या खुणांचा) एक भाग त्रिज्येवर मोजतो की व्यासावर, ते तुकडा टर्न करून बघा, दोन्ही प्रकार येतात. लीड स्क्रू (आटे काढताना कॅरेज ओढणारा) इंचाला चार आट्यांचा असेल तर मेट्रिक आटे बरोबर काढायला १२७ दातांचा गीअर लागतो. तो डब्यात आहे का मोजून घ्या, नसेल तर नंतर मिळवायला फिरावं लागतं.

बसवण्याचा भाग आपल्याकडे वेगळा आहे, तो राजकोटच्या फिटरला माहीत असेलच असं नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. साध्या कोब्यावर ठेवलेलं मशीन जूनमध्ये लेव्हल असलं तरी मे महिन्यात बेडला पीळ पडलेला असतो, आणि कारागीर जॉबला टेपर (निमुळतेपणा) येतो म्हणून टेलस्टॉक सरकवत बसतो. मुरूम लागेपर्यंत खोदा. माती खोल असेल तर निदान तीन फूट काढून मुरूम थराथरानं ठोकून भरा आणि वर आरसीसीचा एकच ठोकळा घ्या. दोन्ही पाय त्याच एका ठोकळ्यावर, वेगवेगळ्या ओट्यांवर नाही. लेव्हल मीटरला ०.०२ मि.मी. संवेदनेची वापरा, सुताराच्या लेव्हलनं काही कळत नाही.

त्यानंतरची खात्री कटावर. ४० ते ५० मि.मी. व्यासाचा बार चकमध्ये धरा, सुमारे १५० मि.मी. बाहेर, टेलस्टॉकचा आधार न देता. दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) ठेवून मधला भाग उतरवा आणि एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलरवरून अगदी हलका कट घ्या. मायक्रोमीटरनं फरक ०.०२ च्या आत असावा. टेलस्टॉककडची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉकच्या टोकाचा कारागिराकडचा पाय शिमनं उचला, लहान आली तर पलीकडचा. पहिल्या वर्षी ही चाचणी पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर अशी दोनदा करा.

ऑर्डर देताना चक स्वतंत्र, नावाजलेल्या कंपनीचा मागा आणि मशीनबरोबरच्या चकची किंमत वजा करून घ्या, बहुतेक विक्रेते तयार होतात. तेवढ्याच पैशात वाळूज-चिकलठाण्याच्या बाजारात जुना एचएमटीचा एलबी १७ किंवा एनएच २२ लेथ मिळाला आणि वर सांगितलेल्या स्पिंडलच्या चाचणीत उतरला, तर तो घ्या. तो जास्त जड आणि गीअरचा असल्यानं मोठा कट सहज घेतो. मात्र हेडस्टॉकजवळचा फूटभर बेड सगळ्यात जास्त झिजलेला असतो, तिथे कॅरेज हातानं हलवून बघा आणि मग टेलस्टॉकच्या बाजूला हलवून फरक जोखा. जवळ सैल आणि लांब घट्ट लागली, तर बेड ग्राइंडिंगचा खर्च धरूनच भाव करा.